नव्या क्रूझ जहाजाच्या सुरुवातीच्या सफरींवर जावे, की काही महिने थांबावे?

ठाणेकर_सहकुटुंब (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. येत्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही घरातले सहाजण, म्हणजे आम्ही दोघे, दहा आणि सात वर्षांची मुले आणि माझे सासू-सासरे, सिंगापूरहून सुटणाऱ्या ‘डिस्ने अ‍ॅडव्हेंचर’ या जहाजावर तीन रात्रींची सफर करावी, असा विचार चालला आहे. जहाज कोरे करकरीत आहे. त्याची पहिली सफर आधी १५ डिसेंबर २०२५ रोजी ठरली होती, ती पुढे ढकलून १० मार्च २०२६ ही तारीख देण्यात आली; म्हणजे आम्ही जाऊ तेव्हा जहाज प्रवासी घेऊन फिरू लागल्याला जेमतेम दोन महिने झालेले असतील.

यावरून घरात दोन तट पडले आहेत. यजमानांचे म्हणणे असे की, नव्या जहाजावर सगळे न वापरलेले मिळते आणि कंपनीही सुरुवातीला कसर ठेवत नाही, म्हणून जायचे तर आत्ताच जावे. सासऱ्यांचे म्हणणे नेमके उलट आहे: नव्या इमारतीत एक पावसाळा काढल्याशिवाय गळती कुठे आहे ते कळत नाही, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबावे.

मला सुरक्षिततेची काळजी आहेच, पण त्याहून अधिक काळजी तारखेची वाटते. सहाजणांची विमानाची तिकिटे आणि व्हिसा झाल्यावर सफरच पुढे गेली तर काय करायचे? शिवाय सुरुवातीच्या सफरींत जेवणखाण, मुलांचे खेळ, लिफ्ट या गोष्टी खरोखरच विस्कळीत असतात का, की ती केवळ समाजमाध्यमांवरची ओरड असते? प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया लिहावे.

न्यूजर्सीकर

मी आणि माझी पत्नी फ्लोरिडातून सुटणाऱ्या एका मोठ्या नव्या जहाजावर त्याच्या पहिल्याच महिन्यात गेलो होतो. जहाजाचे आणि कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण आम्ही जे पाहिले ते थोड्याफार फरकाने कोणत्याही नव्या जहाजावर दिसले असते.

केबिन देखणी होती, गाद्या आणि पडदे अगदी कोरे होते. मात्र कपाटाच्या आतल्या आरशावरची निळी प्लॅस्टिकची फिल्म कोणी काढलेली नव्हती, आणि शॉवरच्या काचेच्या दाराखालची रबरी पट्टी निम्मीच बसवलेली असल्यामुळे पहिल्या अंघोळीचे पाणी थेट गालिच्यापर्यंत आले. तक्रार केल्यावर थोड्याच वेळात एक कारागीर हजर झाला. तो जहाजाचा कर्मचारी नव्हता, तर गोदीने पाठवलेल्या कंत्राटदाराचा माणूस होता, आणि त्याच्या हातातल्या यादीत आमच्या मजल्यावरच्या कितीतरी केबिनींचे क्रमांक ओळीने लिहिलेले होते. त्याने पट्टी बसवली, आमच्या क्रमांकापुढे खूण केली आणि शेजारचे दार वाजवले.

जेवणाच्या मुख्य दालनात पहिल्या दोन रात्री फारच वेळ लागला. वाढणारी मंडळी तत्पर होती, पण स्वयंपाकघरातून ताटे येण्याचा वेग आणि टेबले भरण्याचा वेग यांचा मेळ बसलेला नव्हता. रस्ता विचारला तर कर्मचारी स्वतःच मोबाइलवर जहाजाचा नकाशा उघडून पाहत. याच्या उलट, कंपनीचे वरिष्ठ अधिकारी सामान्य प्रवाशांसारखे जहाजभर फिरत होते आणि कोणाचीही तक्रार उभ्या उभ्या ऐकून घेत होते. हा अनुभव जुन्या जहाजावर आम्हाला कधी आला नाही.

तुमच्यासाठी एक गोष्ट विशेष महत्त्वाची वाटते. पाण्यातली मोठी घसरगुंडी आमच्या सफरीत दोन दिवस बंद होती. सात रात्रींच्या सफरीत त्याचे फारसे वाईट वाटले नाही, पण तीन रात्रींच्या सफरीत मुलांचा जीव ज्या एका गोष्टीत गुंतलेला असतो तीच बंद निघाली, तर पुढच्या दिवसाची वाट पाहायलाही वेळ उरत नाही. तुमचे जहाज मध्ये कोणत्याही बंदराला न लागता थेट सिंगापूरला परतणार आहे, म्हणजे सगळा आनंद जहाजावरच मिळायचा आहे. त्या जहाजावर डेकवरून फिरणारा सुमारे २५० मीटर लांबीचा रोलर कोस्टर आहे असे वाचले. मुलांना त्याचे वचन देऊन ठेवू नका, एवढेच सुचवतो. अशी यंत्रे वारा-पाऊस असला की नवीन काय आणि जुनी काय, बंदच ठेवतात.

इंजिनरूम_निवृत्त

जहाजांच्या यंत्रविभागात आयुष्य गेले, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या सासऱ्यांचा मुद्दा सोयींच्या बाबतीत बरोबर आहे, सुरक्षिततेच्या बाबतीत नाही. प्रवासी जहाजाचा ताबा कंपनीकडे जाण्यापूर्वी त्याच्या समुद्रावर चाचण्या होतात. पूर्ण वेग, अचानक थांबणे, तीव्र वळणे, एक इंजिन बंद ठेवून चालणे, वीजपुरवठा तोडून पुन्हा सुरू करणे, हे सगळे वर्गीकरण संस्थेच्या, म्हणजे जहाजाची बांधणी आणि यंत्रे तपासून दाखला देणाऱ्या संस्थेच्या, निरीक्षकांसमोर करून दाखवावे लागते. ज्या देशाचा झेंडा जहाजावर असतो त्या देशाची प्रमाणपत्रे मिळाल्याशिवाय एकही प्रवासी चढवता येत नाही. सुरुवातीचे काही महिने इंजिने, वातानुकूलन, लिफ्ट यांच्या उत्पादकांचे तंत्रज्ञ जहाजावर मुक्कामाला असतात, कारण सगळे हमीच्या मुदतीत असते. यंत्रांच्या दृष्टीने पाहिले तर जहाजाकडे इतके लक्ष पुढे क्वचितच दिले जाते.

मग बिघडते काय? तर जे जहाज पूर्ण भरल्याशिवाय तपासताच येत नाही ते. याची दोन उत्तम उदाहरणे म्हणजे वातानुकूलन आणि शौचालये. चाचणीच्या वेळी जहाजावर काही शे माणसे असतात. हजारो प्रवासी चढले, बाल्कनीचे दरवाजे उघडे राहू लागले, नाट्यगृह एकदम भरू आणि रिकामे होऊ लागले, की हवेचा समतोल ढळतो. एका टोकाच्या केबिनी गारठतात आणि दुसऱ्या टोकाच्या उकडतात. एकेका झडपेची मांडणी बदलत तो समतोल साधावा लागतो आणि त्याला काही सफरी जातात. शौचालये निर्वात पद्धतीची, म्हणजे हवेच्या ओढीवर चालणारी असतात. एका केबिनमध्ये कोणी ओला टिश्यू किंवा डायपर टाकला, की त्या नळीवरच्या सगळ्या केबिनींची ओढ एकदम जाते. नव्या जहाजावर कोणती नळी कुठे वळते आणि कुठे तुंबते याची माहिती कर्मचाऱ्यांच्या हातात अजून बसलेली नसते, म्हणून दुरुस्तीला वेळ लागतो. वर्षभर जुन्या जहाजावर तोच माणूस डोळे मिटून योग्य पॅनल उघडतो.

आता तारखेविषयी. पहिली सफर पुढे जाणे ही या व्यवसायातली जुनी गोष्ट आहे. क्युनार्ड कंपनीच्या ‘क्यूई २’ या प्रसिद्ध जहाजाच्या टर्बाइनमध्ये १९६८ च्या डिसेंबरातील चाचण्यांत दोष निघाला, कंपनीने ताबा घेण्यास नकार दिला आणि जानेवारी १९६९ ची पहिली सफर अखेर २ मे १९६९ रोजी झाली. अलीकडचे उदाहरण ‘सन प्रिन्सेस’चे आहे: ८ फेब्रुवारी २०२४ रोजी निघायचे ते जहाज सुरुवातीच्या सफरी रद्द होऊन २८ फेब्रुवारीला निघाले. याउलट ‘आयकॉन ऑफ द सीज’चा ताबा फिनलंडच्या तुर्कू येथील गोदीकडून २७ नोव्हेंबर २०२३ रोजी मिळाला आणि मायामीहून पहिली सफर ठरल्याप्रमाणे २७ जानेवारी २०२४ रोजी झाली. ताबा आणि पहिली सफर यांच्यात दोन महिने राखून ठेवलेले होते, हे त्यामागचे एक कारण मानावे लागेल. नव्या जहाजाचे आरक्षण करताना मी सर्वप्रथम हेच अंतर पाहतो. ते दोन-तीन आठवड्यांचे असेल तर गोदीत थोडा जरी उशीर झाला तरी तो थेट प्रवाशांच्या तारखेवर येऊन आदळतो.

‘डिस्ने अ‍ॅडव्हेंचर’ची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची आहे. ते मुळात ‘ग्लोबल ड्रीम’ या नावाने, गेंटिंग समूहातील ड्रीम क्रूझेस या कंपनीसाठी, जर्मनीतील विस्मार येथे एमव्ही वेर्फ्टेन या गोदीत बांधायला घेतले होते. जानेवारी २०२२ मध्ये ती गोदी दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी डिस्नेने ते अपुरे जहाज विकत घेतले आणि मायर वेर्फ्ट या गोदीच्या देखरेखीखाली ते विस्मारलाच नव्याने पूर्ण करून घेतले. एका मालकाच्या आराखड्यावर उभा राहिलेला सांगाडा दुसऱ्या मालकाच्या गरजेप्रमाणे आतून बदलायचा, आणि तोही सुमारे दोन लाख आठ हजार टनांच्या, ६,७०० प्रवासी आणि २,५०० कर्मचारी मावणाऱ्या जहाजात, हे काम नव्याने बांधण्यापेक्षा किचकट असते. म्हणून तारीख पुढे गेली याचे मला आश्चर्य वाटले नाही. मात्र एकदा प्रवासी चढू लागले, की पुढची सफर रद्द होण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. धोका असतो तो पहिल्या दोन-चार सफरींना. आपण मे महिन्यात जाणार असाल तर तारखेची फार चिंता करू नये, असे माझे मत आहे.

पेडण्याचा_गॅलीवाला

मी गोव्यातला, क्रूझ जहाजांच्या खानपान विभागात बरीच कॉन्ट्रॅक्ट केली आणि त्यांतले एक कॉन्ट्रॅक्ट थेट गोदीतून नवे जहाज बाहेर काढण्याचे होते. प्रवासी येण्याच्या किती तरी आठवडे आधी आम्ही जहाजावर चढलो होतो. तेव्हा स्वयंपाकघरात भट्ट्या होत्या, पण भांडी अजून खोक्यांत होती. हजारो प्लेटा खोक्यांतून काढून, धुऊन, मोजून रॅकवर लावणे हेच पहिले कित्येक दिवस काम होते. त्याच वेळी रोज आगीची आणि जहाज सोडण्याची कवायत चाले. नंतर तालमीची जेवणे सुरू झाली: निम्मे कर्मचारी प्रवासी बनून टेबलावर बसत आणि निम्मे वाढत, दुसऱ्या दिवशी उलट. त्यानंतर कंपनीच्या कार्यालयातली माणसे, मग ट्रॅव्हल एजंट आणि पत्रकार यांच्यासाठी छोट्या सफरी झाल्या आणि मगच पैसे भरलेले प्रवासी आले.

आता लोकांना सहसा माहीत नसलेली गोष्ट सांगतो. सुरुवातीच्या काळात कंपनी आपल्या इतर जहाजांवरचे निवडक अनुभवी लोक नव्या जहाजावर पाठवते. आमच्या गॅलीत, म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाकघरात, तेव्हा जे शेफ होते ते एरवी एका जहाजावर एकत्र कधी दिसले नसते. काही आठवड्यांनी घडी बसली, की ही जादा मंडळी परत जातात. पुढे सहा ते आठ महिन्यांच्या आसपास मूळ कर्मचाऱ्यांची कॉन्ट्रॅक्ट संपू लागतात आणि एकाच वेळी बरेच लोक बदलतात, कारण सगळे एकदमच चढलेले असतात. त्या बदलीच्या काळात सेवा पहिल्या महिन्यापेक्षाही सैल झालेली मी पाहिली आहे. मार्चमध्ये सुरू झालेल्या जहाजाची ही वेळ साधारणपणे दिवाळीच्या आसपास येऊ शकते. तेव्हा ताई, थांबलो म्हणजे सगळे सुरळीत मिळेल, असा हिशेब मांडू नका. जहाज दोन-तीन महिन्यांचे झालेले असताना जाणे मला तरी चांगले वाटते. कच्चेपणा बराचसा गेलेला असतो आणि सुरुवातीचे लोकही बहुतेक जागेवर असतात.

केबिन निवडताना मात्र काळजी घ्या. जुन्या जहाजांच्या बाबतीत कोणत्या केबिनमध्ये आवाज येतो हे प्रवाशांनी लिहून ठेवलेले असते, नव्या जहाजाबद्दल अशी माहिती नुकती कुठे जमू लागलेली असते. म्हणून डेकचा आराखडा उघडा आणि जिच्या वरही केबिनी आहेत आणि खालीही केबिनी आहेत, अशीच केबिन घ्या. बुफेच्या खाली घेतली तर पहाटे खुर्च्या सरकवण्याचा आवाज ठरलेला, नाट्यगृहाच्या वर घेतली तर रात्री ढोल-ताशे. आराखड्यावर जी जागा कोरी, काहीच न लिहिलेली दिसते तिच्यापासूनही लांब राहा. तिथे बहुधा गॅली, कपडे धुण्याची जागा किंवा सामानाची खोली असते.

शाकाहारी जेवण, उपवास किंवा कांदा-लसूण नको असेल तर तशी नोंद आरक्षणाच्या वेळीच करा आणि पहिल्या संध्याकाळी मुख्य वाढप्याला पुन्हा सांगा. नव्या जहाजावर संगणकातली नोंद गॅलीपर्यंत पोहोचेलच यावर मी तरी विसंबणार नाही.

पुणे_तिकीटघर

आमचा प्रवासाचा व्यवसाय असल्यामुळे पैशांच्या बाजूविषयी लिहितो.

क्रूझ कंपन्यांच्या करारात सफर रद्द करण्याचा, तारीख किंवा जहाज बदलण्याचा अधिकार कंपनीकडे राखून ठेवलेला असतो. कंपनीने स्वतः सफर रद्द केली तर सफरीचे पैसे सहसा परत मिळतात आणि पुढच्या सफरीसाठी काही सवलतही देऊ केली जाते. परंतु विमानाचे तिकीट, सिंगापूरमधले हॉटेल आणि व्हिसाचे शुल्क या गोष्टी तुम्ही स्वतंत्रपणे घेतलेल्या असतील तर त्यांची भरपाई कंपनीने द्यावी, असे गृहीत धरून चालू नये. आपल्याकडच्या नेहमीच्या प्रवासविम्यात सफर रद्द होण्याची जी कारणे ग्राह्य धरली जातात त्यांत आजारपण, अपघात, जवळच्या नातेवाइकाचे निधन ही असतात. जहाजच तयार नव्हते हे कारण त्यांत सापडणे कठीण. पॉलिसीची कलमे पैसे भरण्याआधी वाचावीत. सहाजणांच्या बाबतीत परतावा मिळणारे विमानाचे तिकीट महाग वाटते हे खरे, पण निदान तारीख बदलता येणारे भाडे तरी घ्यावे.

मुंबईहून सिंगापूरला साडेपाच तासांच्या आसपास लागतात, म्हणून लोक सकाळी उतरून दुपारी जहाजावर चढण्याचा बेत करतात. तसे करू नये. आदल्या दिवशीच पोहोचावे. विमानाला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही, आणि मध्ये एकही बंदर नसल्यामुळे पुढे जाऊन गाठण्याचाही मार्ग नाही. जहाजावर चढताना आपण सिंगापूरबाहेर पडतो आणि उतरताना पुन्हा आत येतो, त्यामुळे व्हिसावर एकाहून अधिक प्रवेशांची मुभा आहे ना, हे सहाही व्हिसांवर एकेक करून तपासावे. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. मुलांच्या पासपोर्टची मुदत मोठ्यांपेक्षा लवकर संपते आणि ऐन वेळी घोळ होतो तो बहुतेक तिथेच.

दादरचे_आजोबा

वरील सगळे वाचले. माझा एक साधा प्रश्न आहे: आपल्या घरातल्या ज्येष्ठांना आणि मुलांना समुद्रावरचे राहणे मानवते का, हे आधी पाहिले आहे का? मुंबईहून गोव्याकडे जाणारी ‘कॉर्डेलिया एम्प्रेस’ ही बोट १९९० साली बांधलेली आहे. म्हणजे नवेपणाच्या दृष्टीने अगदी दुसरे टोक. पण बॅलार्ड पिअरवरून चढायचे, विमान नाही, व्हिसा नाही, आणि दोन रात्रींत कळते की कोणाला बोट लागते आणि कोणाला नाही. सहाजणांना घेऊन परदेशी जाण्यापूर्वी पावसाळा सोडून केव्हाही हा प्रयोग करून पाहावा. नव्या जहाजाचे भाडे सुरुवातीला चढेच असते, आणि जहाज काही कोठे पळून जात नाही.

ठाणेकर_सहकुटुंब

सर्वांचे मनापासून आभार. पेडणेकर दादांचा कर्मचारी बदलण्याचा मुद्दा घरात वाचून दाखवला, तेव्हा सासरे दिवाळीचा आग्रह सोडायला तयार झाले. आजोबा, आम्ही दोन वर्षांपूर्वी मुंबई–गोवा सफर केली आहे आणि सुदैवाने कोणालाही बोट लागली नाही. आम्ही मेचा दुसरा पंधरवडा पाहत आहोत. एकच शंका उरली आहे. सासऱ्यांच्या गुडघ्यांचा त्रास आहे, त्यांना जिने चढवत नाहीत, आणि नव्या जहाजावर लिफ्ट बंद असल्याच्या तक्रारी मी इतरत्र वाचल्या आहेत. केबिन कुठे घ्यावी आणि आणीबाणीच्या कवायतीच्या वेळी त्यांचे काय करावे?

इंजिनरूम_निवृत्त

नव्या जहाजावर लिफ्टचे दरवाजे आणि त्यांचे सेन्सर सुरुवातीला त्रास देतात हे खरे आहे, पण एका समूहातल्या सगळ्या लिफ्ट एकदम बंद पडणे दुर्मीळ असते. खरा त्रास गर्दीचा असतो, विशेषतः चढण्याच्या दुपारी, जेवणाच्या वेळी आणि नाट्यगृह सुटल्यावर. केबिन जहाजाच्या मध्यभागी, लिफ्टच्या समूहापासून थोड्या अंतरावर घ्यावी. अगदी दारासमोर घेतली तर रात्री उशिरापर्यंत गप्पांचा आवाज येतो. मध्यभागी हेलकावेही कमी जाणवतात. मे महिन्यात त्या बाजूचा समुद्र एरवी शांत असतो, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा जोर मार्चपर्यंत ओसरलेला असतो.

पेडण्याचा_गॅलीवाला

कवायतीचे मी सांगतो. जानेवारी २०१२ मध्ये ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे क्रूझ जहाज बुडाल्यानंतर नियम कडक झाले. पूर्वी प्रवासी चढल्यापासून चोवीस तासांत कवायत घेतली तरी चालत असे, १ जानेवारी २०१५ पासून ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते, त्यामुळे चढल्याबरोबर पहिले काम तेच. प्रत्येकाच्या कार्डावर जमण्याच्या जागेचे अक्षर असते. तुमच्या दोन केबिनी वेगवेगळ्या भागांत आल्या तर सासू-सासऱ्यांची जागा एक आणि मुलांची दुसरी, असे होऊ शकते, म्हणून दोन्ही केबिनी शेजारी घ्या आणि कार्डे हातात आल्यावर अक्षरे जुळतात का ते पाहा. सासऱ्यांना जिने उतरवत नाहीत याची नोंद आरक्षणातच करा आणि चढल्यावर स्वागतकक्षात जाऊन पुन्हा सांगा. आणीबाणीत लिफ्ट वापरता येत नाहीत, म्हणून मदत लागणाऱ्या प्रवाशांची यादी आधीच तयार केलेली असते आणि त्यांना खाली नेण्यासाठी माणसे नेमून दिलेली असतात. आमच्या जहाजावर त्या पथकात मीही होतो; प्रत्येक कवायतीला आम्ही खुर्ची घेऊन नेमून दिलेल्या केबिनीच्या दारात जाऊन उभे राहायचो. यादीत नाव नसेल तर तिथे कोणी येणार नाही, तेव्हा एवढे एक काम मात्र विसरू नका.